नाशिकचं बिल

शुक्रवार

बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या, कॅलेंडरशी माझं कधीच जमत नाही. चारशे किलोमीटरच्या राइडची तारीख आली की त्याच शनिवारी मुलीची प्रॅक्टिकल, नाहीतर ऑफिसात जीएसटीचं रिटर्न, नाहीतर सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख. दोन वर्षांपूर्वी मी एसआर केली. म्हणजे एकाच हंगामात दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे, चारही राइड वेळेत. त्यानंतर नुसतं फोटो बघणं चाललंय.

अमेरिका-ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनी यावर तोडगा काढलाय. त्याला ते परमनंट म्हणतात. रस्ता ठरलेला, अंतर मोजलेलं, वेळेची मर्यादा तीच, पण तारीख आणि सुटायची वेळ तुमची. मध्ये कोणी व्हॉलंटियर खुर्ची टाकून बसलेला नसतो, त्यामुळे अमुक ठिकाणी अमुक वाजता पोचलो याचा पुरावा आपणच गोळा करायचा. दुकानाची पावती, एटीएमची स्लिप, असलं काहीतरी. हे वाचलं तेव्हाच मला वाटलं, हा प्रकार माझ्यासाठीच काढलाय. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे हिशेब मी सतरा वर्षं लिहितेय. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते. आता स्वतःची तपासायची.

जोडीला भाऊजी. माझे धाकटे दीर, कळव्याला राहतात. आमच्या यजमानांना सायकल म्हटलं की फक्त पार्किंगमधली अडचण आठवते, पण हे सगळं लायसन त्यांनी आम्हाला दिलंय. आई, म्हणजे सासूबाई, मात्र तिळाच्या वड्या थापताथापता म्हणाल्याच, "घरातली दोन माणसं एकदम रात्रभर बाहेर. काय ते एकेकट्याने तरी जा." वड्यांचा डबा तरीही भरून दिला.

मार्ग असा: ठाणे, कल्याण, माळशेज, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिक, कसारा, ठाणे. माझ्या नकाशात ४०२ किलोमीटर. वेळ २७ तास. जेवण, पंक्चर, डुलकी, सिग्नल, सगळं त्यातच. मधल्या कंट्रोललाही, म्हणजे पोचल्याचा पुरावा घ्यायच्या ठिकाणांनाही, वेळ असते, साधारण ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने. पहाटे ४ला सुटलो तर आळेफाटा दुपारी १:२०च्या आत, संगमनेर ४:३२, नाशिक रात्री ९:०८, ठाणे रविवारी सकाळी ७.

दिशेवरून आमचा थोडा वाद झाला. भाऊजींना आधी नाशिक हवं होतं, महामार्ग चांगला म्हणून. पण तसं गेलो तर ओतूर-मढचा पट्टा आणि माळशेज दोन्ही रात्री येतात. जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत, ही काही ऐकीव गोष्ट नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. रात्री एकच्या सुमाराला उसाच्या कडेने दोन ब्लिंकर लुकलुकवत जायची मला हौस नाही. उलट कसाऱ्याचा रस्ता रात्रभर जागा असतो, ढाबे उघडे असतात. तारीख आपली असण्यात खरा फायदा हाच की कुठला घाट उजेडात घ्यायचा ते आपण ठरवतो. "ठीक आहे, आयोजक तुम्ही," भाऊजी म्हणाले. पुरावे लावायची दोन कार्डं मी ऑफिसच्या जाड कागदावर छापून आणली होती, चौकटी पाडून. एक त्यांना दिलं.

रात्री नऊला झोपले. साडेअकराला जागी होते.

शनिवार

३:५०ला तलावपाळीला भेटलो. मासुंदा तलावावर थोडं धुकं, गडकरी रंगायतनसमोर दोन कुत्री आणि एक झाडूवाली. स्टेशन रोडच्या एटीएममधून दोघांनी शंभर-शंभर काढले. स्लिपवर ०४:००. भाऊजींनी ती जीभ लावून कार्डाला चिकटवायचा प्रयत्न केला, मग मी स्टेपलर काढला. स्टेपलर घेऊन चारशेला निघणारी बहुधा मीच पहिली.

माजिवडा, खारेगावचा पूल, माणकोली, रांजनोली नाका. या पट्ट्याबद्दल न लिहिलेलंच बरं. कंटेनरच्या रांगा पहाटे चारलाही होत्या. रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम किती वर्षं चाललंय याचा हिशेब मी सोडून दिलाय. कोनगावहून दुर्गाडीच्या पुलावर आलो तेव्हा खाडीवरून गार वारा आला आणि पहिल्यांदा बरं वाटलं. शहाडचा पूल उतरून म्हारळ, कांबा, रायत्याला उल्हास नदी. मुरबाडला साडेसहा. चहा, तिळाची वडी, दहा मिनिटं.

सरळगाव ओलांडलं आणि उजाडलं. टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. रोज ट्रेनमधून पारसिकचा डोंगर बघणाऱ्या माणसाला ती बघून पाय हलके होतात की जड, ते दिवसावर अवलंबून असतं. आज हलके होते. वैशाखऱ्याला उजव्या हाताला नाणेघाटाची वाट जाते. वर सातवाहनांच्या काळातला लेख आहे, नागनिका राणीचा, आणि तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं पिढ्यानपिढ्या सांगतात. "म्हणजे टोलनाका, पण पावती नाही," मी म्हटलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आज जरा ऑफिस विसरा."

माळशेजला मला सव्वा तास लागला. पावसाळ्यात इथे गाड्यांची जत्रा असते. जानेवारीत धबधब्यांच्या जागी नुसते काळे ओघळ आणि सुकलेलं पिवळं गवत. मला हाच माळशेज आवडतो. चढ फार उभा नाही, एका लयीत बसलं की बसलं. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, भाऊजी एक गिअर जड ठेवून दर दोनशे मीटरला उभे राहून. बोगद्यातून बाहेर पडल्यावर मागे वळून पाहिलं तर खाली मोरोशीकडचा रस्ता दोऱ्यासारखा दिसत होता. सव्वादहाला वर. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी आणि पलीकडे हरिश्चंद्रगड. खुबी फाट्यावर ट्रेकची पोरं जीपची वाट बघत बसली होती. एकाने विचारलं, "काकू, कुठून?" ठाणे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नाही, सायकलकडे बघितलं.

मढ, ओतूर, दोन्ही बाजूंनी ऊस आणि कांदा. आळेफाट्याला १२:१०. मर्यादेच्या सत्तर मिनिटं आधी. मिसळ खाल्ली, दोन ताक प्यायले, जीएसटी नंबर असलेलं कॉम्प्युटरचं बिल मिळालं. मनात हिशेब मांडला: याच गतीने नाशिकला साडेसात, ठाण्याला पहाटे चार. हिशेबनीसाने पुढच्या महिन्याची शिल्लक आजच खर्चात धरू नये. मी धरली.

आळेफाट्याहून रस्ता उत्तरेला वळतो आणि वारा समोरून यायला लागला. जोरात नव्हे, पण सतत. कोणीतरी छातीवर तळहात ठेवून बसल्यासारखा. सकाळच्या चढाला काहीतरी नाव असतं, उंची असते, संपल्याचं समाधान असतं. वाऱ्याला काहीच नसतं. बोटा गेलं, घारगाव गेलं. भाऊजी पुढे, मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून, दर दोन किलोमीटरला अदलाबदल. बोलणं बंद. चंदनापुरीच्या उतारावरही पॅडल मारावं लागलं, हे मी कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. संगमनेर ३:५०. सत्तरची शिल्लक बेचाळीसवर आली होती.

नांदूर शिंगोट्याजवळ माझं मागचं चाक बसलं.

महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरचे तुकडे पडलेले असतात. त्यांच्यात केसासारख्या पोलादी तारा असतात. त्या सायकलच्या टायरमध्ये घुसतात आणि बाहेरून दिसत नाहीत. मला हे माहीत आहे. मी टायरच्या आतून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. काही लागलं नाही. वारा डोळ्यात, उन्हं उतरलेली, घड्याळ डोक्यात. नवी ट्यूब घातली, पंप मारला, निघालो. पंचवीस मिनिटं गेली.

नऊ किलोमीटरवर तेच चाक परत बसलं.

आता अंधार पडला होता. भाऊजींनी त्यांची सायकल उभी करून हेडलाइट माझ्या टायरवर धरला. मी परत बोट फिरवू लागले तेव्हा ते म्हणाले, "थांबा." त्यांनी डोक्यावरची लोकरीची कानटोपी काढली, तिची घडी करून टायरच्या आतून हळूहळू सरकवायला लागले. अर्ध्यापेक्षा जास्त चक्कर झाली. मग टोपी एका जागी किंचित अडली. एक धागा ओढला गेला होता. तिथे नखाने दाबलं तर दोन मिलिमीटरचं टोक वर आलं. एवढुसं, मिशीच्या केसासारखं. त्यांच्याकडे नेलकटर होतं, त्याने पकडून ओढलं. बाहेर आल्यावर तारेचा तो तुकडा त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवला आणि मग कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कशाला, ते विचारायचं राहिलं.

माझं बोट पहिल्या वेळेला त्या तारेवरून गेलं असणारच. थंडीने बोटं बधिर झाली होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं म्हणजे घाई केली. पस्तीस मिनिटं आणखी.

सिन्नरच्या अलीकडे गोंद्याला समृद्धी महामार्ग डोक्यावरून जातो. दुचाकी आणि सायकलला तिथे मनाई. खालून जाताना वरच्या गाड्यांचा नुसता सूं आवाज येतो. सिन्नरला ७:४०. ३० किलोमीटर, ८८ मिनिटं. मोहदरीचा घाट उतरताना वाटलं, जमेल. शिंदे-पळसे ओलांडलं तेव्हाही वाटलं. नाशिकरोडला शनिवारची गर्दी, रिक्षा, लग्नाची एक वरात, सिग्नलमागे सिग्नल. नाशिकला द्वारका चौकातल्या हॉटेलासमोर सायकल टेकवली आणि घड्याळ बघितलं. ९:३१.

तेवीस मिनिटं उशीर.

आत गेलो, दोन थाळ्या सांगितल्या, बिल आधीच मागितलं. वेटरने आणून दिलं. भाऊजींनी ते वाचलं, परत वाचलं, आणि टेबलावर माझ्याकडे सरकवलं. त्यावर वेळ छापली होती: २०:५८.

मी काउंटरवरच्या पोराला विचारलं. "ते मशीन मागंच चालतंय मॅडम. लाइट गेली होती ना, तव्हापासून."

परत येऊन बसले. भाऊजी भाकरी मोडत होते. "वहिनी, तुम्हीच सांगता ना, व्हाउचर असेल तर नोंद, नाहीतर नाही. हे व्हाउचर आहे."

"चुकीचं व्हाउचर आहे."

"तुमच्या ऑडिटरला कळेल का?"

"ऑडिटर मीच आहे ना."

ते हसले, पण वाद सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं की बीआरएमच्या नियमातही मधल्या कंट्रोलला उशीर झाला तर आयोजक माफ करू शकतो. हे खरं आहे. पण कशासाठी, तेही नियमात आहे. रस्ता बंद झाला, अपघातात कोणाला मदत करायला थांबलात, म्हणजे आपल्या हातात नसलेलं आणि आधी न कळणारं काही घडलं, तर. थकवा, भूक, नीट न राखलेली सायकल ही कारणं चालत नाहीत. पंक्चर मी त्यातच धरते. आणि दुसरं पंक्चर तर माझ्या बोटाचा बिघाड.

"पहिलं तुमचं, दुसरंही तुमचं. माझं काहीच नव्हतं," ते म्हणाले. "मी एकटा असतो तर साडेआठला इथे असतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो माणूस माझ्यासाठी तासभर थांबला होता, टोपी उसवून. त्यांच्या बाबतीत 'मदतीला थांबला' हे कलम लागू होतं की नाही? पिठल्याचा घास तोंडात ठेवून मी खरोखर यावर विचार केला. यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, "जेवलात का? मग झालं," आणि ठेवून दिला.

नाशिकरोडहून गाडी पकडता आली असती. सायकल सामानात टाकायची, पहाटे घरी. पण तो विषय दोघांनीही काढला नाही. घरी तर जायचंच होतं, आणि सायकली होत्या.

रविवार

विल्होळी, वाडीवऱ्हे. थंडी आता नुसती थंडी राहिली नव्हती. निफाडचा पारा दर जानेवारीत पेपरात वाचतो, त्याचे भाऊबंद इथवर आलेले असतात. बोटं ब्रेकवरून काढून काखेत घालायची, मग दुसऱ्या हाताची. चढ आला की बरं वाटायचं. भाऊजींची टोपी एका बाजूने उसवली होती. धागा मागे फडफडत होता आणि माझ्या हेडलाइटमध्ये दिसत होता. तो बघत बघत मी तासभर चालवली.

घोटीच्या अलीकडे मी रस्त्यावर नसलेली गाय बघितली. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, मलाही मघापासून कोणीतरी बाजूने चालतंय असं वाटतंय. लांब राइडला पायांपेक्षा डोळे आधी दगा देतात, आणि उतारावर डुलकी लागली तर पुढचं सांगायला कोणी नसतं. ढाब्यावर थांबलो. बाजेवर ट्रकवाले झोपले होते, एक बाज रिकामी. दोघांनी बसूनच पाठीला पाठ लावून वीस मिनिटं डोळे मिटले. गजर मोबाइलचा, आणि शिवाय ढाबेवाल्याला सांगून ठेवलेलं. त्याने बरोब्बर वीस मिनिटांनी चहा आणून गुडघ्यावर टेकवला. "उठा ताई." रात्री दीडला अनोळखी माणसाने ताई म्हणून हाक मारली की आपण माणसात आहोत असं वाटतं.

कसारा घाटात येण्याजाण्याचे रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे समोरून प्रकाश डोळ्यात येत नाही. मागून मात्र येतो. ब्रेकचा जळका वास सोडत ट्रक अगदी सावकाश उतरत होते आणि आम्ही त्यांच्याहून सावकाश. वळणावळणाला एकमेकांना "आहात?" "आहे." एवढंच बोलणं. खाली उतरल्यावर हवा एकदम बदलली. चार अंशांचा फरक असेल, पण स्वेटर घातल्यासारखं वाटलं. कोकण सुरू.

खर्डी, शहापूर, आसनगाव, वासिंद. यातलं मला फारसं आठवत नाही. पडघ्याला केळी घेतली. वडप्यापासून परत ते खोदकाम, धूळ आणि कंटेनर, जणू काल पहाटेपासून ते तिथेच उभे होते. माजिवड्याचा पूल चढताना पूर्वेला उजाडल्यासारखं वाटत होतं.

एटीएमने पैसे दिले, पण स्लिप दिली नाही. पावतीचा कागद संपल्याचं पडद्यावर लिहून आलं. चोवीस तास उघडं म्हणून पाटी असलेलं औषधाचं दुकान बंद होतं. दुधाच्या गाडीवाल्याकडे पावती मागितली तर तो म्हणाला, "ताई, अर्ध्या लिटरची?" भाऊजी घड्याळ बघत गोल गोल फिरायला लागले. मग मलाच सुचलं. सायकल त्यांच्याकडे देऊन मी ठाणे स्टेशनात पळत गेले. पळत म्हणजे पॅडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी टकटक करत, भिंतीला धरून. खिडकीवर दोन प्लॅटफॉर्म तिकिटं मागितली. त्यावर तारीख, स्टेशन, वेळ, सगळं छापलेलं असतं. ०६:३७. खिडकीतल्या बाईंनी माझ्या तोंडावरची धूळ आणि रिफ्लेक्टर जॅकेट बघून विचारलं, "कोणाला आणायला आलात?"

२६ तास ३७ मिनिटं. तलावपाळीला कट्ट्यावर बसून कार्डं पुरी केली. तिकिटं स्टेपल केली. भाऊजींनी नाशिकच्या चौकटीत २०:५८ लिहिलं आणि ते बिल तिथे लावलं. मी अडवलं नाही. त्यांच्या हिशेबाने राइड झाली. माझ्या हिशेबाने माझी झालेली नाही, त्यांची झाली की नाही यावर अजून विचार चालू आहे.

घरी आईंनी दार उघडलं. भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "टोपीला काय केलंस?"

दुपारी झोपून उठल्यावर माझं कार्ड कपाटात ठेवलं. नाशिकचं बिल एकच होतं, दोन थाळ्यांचं, ते त्यांच्याकडे गेलं. माझ्या कार्डावर त्या चौकटीत निळ्या पेनने २१:३१ आहे, शेजारी 'मशीन ३३ मिनिटं मागे' असा शेरा, आणि खाली आयोजक म्हणून माझीच सही.